आगाऊ शिक्षा

"मी चंद्र पाहिलेला नाही," आप्पा म्हणाले. "घंगाळात हात धुवायला वाकलो, तर पाण्यात कोर दिसली. पाण्यातला चंद्र म्हणजे दुय्यम पुरावा. मूळ उपलब्ध असताना दुय्यम पुरावा ग्राह्य धरत नाहीत."

"मूळ वर होताच की," आई म्हणाली. "वर नाही ना बघितलंत?"

"बघितलं. खात्री करून घ्यायला."

आईने कपाळावर हात मारला. मी मोदकांचं पातेलं खाली ठेवून पोट धरून हसले. आप्पांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की कोर्ट असतं तर पट्टेवाल्यानं मला बाहेर काढलं असतं.

"हसण्यासारखं काय आहे, वसू? खात्री केल्याशिवाय मत बनवायचं नाही, ही माझी जन्माची सवय आहे."

गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला की चोरीचा खोटा आळ येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आप्पांनाही होतं, फक्त त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. सत्र न्यायाधीश म्हणून त्यांची शेवटची नेमणूक कृष्णाकाठच्या या गावात झाली, गाव आवडलं, म्हणून निवृत्तीनंतर इथेच घर बांधलं. एरवी त्यांनी आईला वेड्यात काढलं असतं आणि जेवून सरळ झोपले असते. पण त्या भाद्रपदात त्यांची फाइल मंत्रालयात पडून होती. जिल्ह्याच्या ग्राहक मंचाचं अध्यक्षपद द्यायचं चाललं होतं, नाव जवळजवळ नक्की होतं, आणि अशा वेळी एक निनावी अर्ज गेला तरी फाइल बासनात जाते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्यात आप्पांचा स्वभाव. आपल्याकडे कुणी बोट दाखवू नये, यातच त्यांची सारी नोकरी गेली. गावोगावी फिरताना चहा घरच्या थर्मासमधला. लग्नाला गेले तर आहेर द्यायचा, घ्यायचा नाही, आणि जेवायचं तर अजिबात नाही. माझ्या लहानपणी शेजारच्यांनी दिलेलं रामफळ त्यांनी मला परत करायला लावलं होतं, कारण शेजाऱ्यांच्या मेव्हण्याचा दावा दुसऱ्या कुठल्या तरी कोर्टात चालू होता. मी ते रामफळ अजून विसरलेले नाही.

"यावर उपाय आहे," आई म्हणाली. "कथा ऐकायची."

"मग सांग."

"पण कथेचा काही भरवसा नाही. आमच्या अण्णांनी कथा ऐकली होती, तरी पाणीपुरवठ्याचे पाइप त्यांनीच पळवले असं गाव म्हणालंच. आमच्या माहेरचा खरा उपाय वेगळा आहे. शेजाऱ्याच्या घरावर खडा मारायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या. शिव्या पोटात गेल्या की मोठा आळ येत नाही. उद्या विसर्जनाच्या आत व्हायला हवं."

आमचा गणपती दीड दिवसाचा. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुदत होती.

आप्पा आरामखुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. निकाल राखून ठेवताना ते असेच बसत. "म्हणजे न केलेल्या गुन्ह्याचा खोटा आरोप टाळण्यासाठी मी एक लहानसा खरा गुन्हा करायचा आणि त्याची शिक्षा आधीच भोगून टाकायची. हे कुठल्या शास्त्रात बसतं?"

"अर्थशास्त्रात," मी म्हणाले. "विम्याचा हप्ता आहे हा, आप्पा."

मी तेव्हा गावातल्या लॉ कॉलेजात नवी नवी लागले होते आणि अपराधशास्त्र शिकवत होते. नव्या मुसलमानानं सतरा वेळा नमाज पढावी तसं माझं चाललं होतं. घरात रोज वाद. मी म्हणायचे, गुन्हेगार हिशेब करतो. पकडला जाण्याची शक्यता किती, शिक्षा किती, फायदा किती. शिक्षा नुसती कडक करून उपयोग नाही, ती मिळणार याची खात्री हवी. आप्पा म्हणायचे, "चोर काय पाटी-पेन्सिल घेऊन बसतो? गुन्हा केला म्हणून शिक्षा, संपलं. जेवढं पाप तेवढा दंड." मग आई म्हणायची, "दंड असो की पाप, पानं घेतली आहेत."

"माझा या गोष्टींवर विश्वास नाही," आप्पांनी शेवटी निकाल दिला. "परंतु विश्वास नसला तरी विमा उतरवायला हरकत नसते. खडा केवढा असावा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपल्यावर आम्ही निघालो. आप्पांनी कोट घातला होता. "खडा मारायला कोट कशाला?" असं आईनं विचारलं, तर म्हणाले, "प्रसंग औपचारिक आहे."

पहिलं घर मंडलिक वकिलांचं, आमच्या उजव्या हाताला. मंडलिकांच्या तोंडात कायम खडीसाखर. ग्राहक मंचाच्या त्या पदासाठी त्यांनीही मुंबईला खेटे घातले होते, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण आप्पांसमोर त्यांची कंबर अजून कोर्टातल्यासारखीच वाकायची. आप्पांनी कुंपणाबाहेरून नेम धरला. मंडलिकांच्या व्हरांड्यात पितळी समई घासून वाळत ठेवली होती, तिच्यावर खडा ठणकन बसला. समई आडवी झाली.

मंडलिक धावत बाहेर आले. कुंपणाच्या कामावर एक गवंडी होता, त्याच्याकडे वळून त्यांनी तोंड सोडलं. "डोळे फुटले का रे तुझे? सणासुदीची समई पाडलीस! घरचे दिवे आधी लाव, मग आमचे विझव! खडे उडवायचे पैसे देतो का तुला, गाढवा?"

आप्पा कासावीस होऊन ऐकत होते. त्यांच्या वाटणीच्या उत्तम शिव्या डोळ्यांदेखत भलत्याच्या पदरात पडत होत्या.

"मंडलिक," ते पुढे होऊन म्हणाले, "तो खडा मी मारला."

मंडलिक थांबले. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला, की काय सांगू. "साहेब! काय हे मन! गरिबाचं पोट वाचावं म्हणून दोष स्वतःवर घेताय! ऐक रे, ऐक, मोठी माणसं कशी असतात ते बघ आणि साहेबांच्या पाया पड."

गवंडी पाया पडला. आप्पांना मागे सरता सरता मंडलिकांच्या घरचे दोन मोदक खावे लागले.

"अहो, मी खरंच मारला," आप्पा मोदक गिळून म्हणाले. "जाणूनबुजून. तुमच्या समईवर. मला बोला."

"बोलतो ना! असे न्यायाधीश पुन्हा होणे नाही!"

हिरमुसून आम्ही बाहेर पडलो. आईला एक युक्ती सुचली. मंडलिकवहिनींची जास्वंद. गणपतीच्या दिवसांत त्या जास्वंदीला हात लावणाऱ्या पोरीबाळींना वहिनींनी काय काय ऐकवलं होतं ते आम्ही आमच्या स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. आप्पांनी हात घातला आणि पानांसकट एक फांदीच मोडली. वहिनी खिडकीतून बघत होत्या. क्षणभर त्यांचे ओठ हलले. आप्पांनी आशेनं मान पुढे केली.

"अगंबाई, साहेब! हाताला काही लागलं-बिगलं नाही ना? थांबा, परडी देते."

परडीभर जास्वंदी घेऊन आम्ही घरी आलो. आप्पांनी कोट काढला नाही. ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले.

"वसू, तुझ्या शास्त्रात याचं काय उत्तर आहे? मी गुन्हा करतोय, पकडला जातोय, कबूल करतोय. आणखी काय करू?"

"तुम्हाला शिव्या देणं लोकांना परवडत नाही, आप्पा. गवंड्याला देणं फुकट पडतं. माल तुम्हाला हवा आहे, पण तुमच्या गल्लीत तो फक्त स्वस्त गिऱ्हाइकालाच मिळतो."

"याला काय न्याय म्हणायचा?" आप्पा म्हणाले. छत्तीस गावांचं पाणी प्यायलेल्या न्यायाधीशाला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच पडलेला दिसत होता. मला पुन्हा हसू आलं.

"मग परवडतं कुणाला?"

आईनं आणि मी एकदमच मागच्या गल्लीकडे पाहिलं.

मागच्या गल्लीत गोजराक्काचं मिरचीचं कांडप होतं. तिच्या मिरचीनं गल्लीला शिंका यायच्या आणि तिच्या जिभेनं गल्लीच्या कानातून धूर निघायचा. निवडणुकीत हात जोडून आलेल्या पुढाऱ्याला तिनं दारातल्या दारात असा सोलला होता, की त्यानं पुढची तीन घरं सोडून मोटार गाठली. हळद कमी बारीक झाली म्हणून कुरकुरणाऱ्या बायका तिच्यासमोर माना खाली घालून मुकाट्यानं हळद न्यायच्या. शिव्यांची खात्री म्हणाल, तर शंभर टक्के.

"नको," आप्पा म्हणाले. "तिच्यावर माझे उपकार आहेत. ती देणार नाही."

ते खरं होतं, निदान आम्हाला तसं वाटायचं. गोजराक्काचा एकुलता एक मुलगा संपत. कुणाच्या तरी विहिरीवरची पाण्याची मोटार चोरल्याचा त्याच्यावर खटला झाला होता. खालच्या कोर्टानं त्याला सजा दिली, अपिलात प्रकरण आप्पांसमोर आलं आणि आप्पांनी त्याला सोडून दिलं. पुढे तो इचलकरंजीला मागावर कामाला गेला. तेव्हापासून गोजराक्का साऱ्या गावाला शिव्या देई, पण आमच्या घराला कधी नाही. आप्पा समोरून आले तर पदर घेऊन बाजूला होई, एक शब्द बोलत नसे. आईनं मिरची कांडायला दिली तर निमूट कांडून देई. आप्पा याला कृतज्ञता म्हणत आणि कधीमधी पाहुण्यांना तिचं उदाहरणही देत.

"अहो, मुदत संपत आली," आई म्हणाली. बाहेर विसर्जनाच्या आरत्या सुरू झाल्या होत्या. "उपकार असले तर दोन शिव्या कमी देईल. पण देईल."

आप्पांनी कोटाची बटणं लावली.

कांडप सणामुळे बंद होतं. गोजराक्काच्या छपरावर पत्रे होते. आप्पांनी या वेळी खडा नाही, चांगला मुठीएवढा दगड घेतला. पत्र्यावर असा आवाज झाला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले.

"कुनाच्या हाताला खाज सुटली रं?" आतून आवाज आला आणि मागोमाग गोजराक्का. "तुज्या घरावर काय नांगर फिरला का दुसऱ्याचं पत्रं फोडाया..."

आप्पांचा चेहरा फुलला. तेवढ्यात तिनं त्यांना पाहिलं. तोंड मिटलं. पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"सायेब व्हय," ती म्हणाली. "काय काम हुतं?"

"दगड मी मारला, गोजराक्का."

"असंल."

"मुद्दाम मारला."

"बरं."

आप्पांनी खाली वाकून दुसरा दगड उचलला आणि तिच्या डोळ्यांसमोर पत्र्यावर फेकला. गोजराक्कानं तो घरंगळत खाली येऊ दिला, उचलला आणि जात्याशेजारी नीट ठेवून दिला. "कुनाला लागलं न्हाई न्हवं? मग जावा घरला."

तोवर गल्लीत लोक जमू लागले होते. दीड दिवसाचे गणपती घेऊन नदीला निघालेली मंडळी, कुणाच्या हातात पाट, कुणाच्या डोक्यावर. मंडलिक वकीलही आपला गणपती घेऊन तिथे पोचले आणि थांबले. न्यायाधीश भर गल्लीत पत्र्यावर दगड मारतोय, हे सोडून नदीवर कोण जाणार?

आईला राहवलं नाही. "अगं गोजराक्का, दे की ग चार शिव्या! काल चंद्र बघितलाय त्यांनी. खोटा आळ येईल ना त्यांच्यावर!"

गल्लीत हशा पिकला. आप्पाही ओशाळून हसले. मीही हसत होते. गोजराक्का मात्र हसली नाही.

"खोट्या आळाचं भ्या वाटतं व्हय, सायेब?"

"भीती अशी नाही. पण मंत्रालयात फाइल आहे. नाव स्वच्छ राहिलेलं बरं."

"व्हय. नाव सोच्छ ऱ्हायला पायजे." ती पायरीवर बसली. "माज्या संपतचं बी फाईल हुतं. सरकारी डायव्हर व्हनार हुता. तुमी सोडलं त्याला, म्या पेढं वाटलं. मग सायेब लोकांनी तुमचा कागूद वाचला आन् म्हनालं, ह्यात निर्दोष कुठं लिवलंय? ह्यात लिवलंय, संशयाचा फायदा दिऊन सोडला. म्हंजी केली असंल चोरी, गावली न्हाई. नोकरी गेली. पोरगी बघितली हुती, तिच्या बाचा निरोप आला, सोयरीक मोडली. गावात मोटार चोरीला गेली की अजून बी पोलीस पैलं माज्या दारात येत्यात. पोरगं सनाला सुदीक येत न्हाई आता."

कुणाचा गणपती कुणी सावरला, कुणी खाली ठेवला. टाळ वाजवणाऱ्यानं टाळ हातात धरले.

"तो शब्द कायद्यातला आहे," आप्पा म्हणाले. "पुरावा पुरेसा नसला की..."

"पुरावा हुता का न्हवता त्ये मला इचारू नगा. तुमी सांगा. समदं तुमच्या म्होरं झालं. माज्या पोरानं चोरी केली हुती का?"

मला आठवतं, मी तेव्हा आप्पांकडे नाही, मंडलिकांकडे पाहिलं. ते ऐकत होते. नुसते कान देऊन नव्हे, सारं अंग देऊन ऐकत होते. आईनंही ते पाहिलं असावं, कारण तिनं आप्पांची बाही ओढली. "चला हो. विसर्जन राहिलंय. अहो, फाइल."

आप्पा हलले नाहीत. डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं, निकाल राखून ठेवताहेत. घरी येतील, आरामखुर्चीत बसतील आणि चार दिवसांनी काही तरी कायद्यातलं बोलतील. माझ्या डोक्यात मात्र तेव्हा एकही सिद्धान्त नव्हता. शक्यता नाही, खात्री नाही, दंड नाही. मला फक्त त्यांना घरी न्यायचं होतं.

"नाही," आप्पांनी डोळे उघडले. "संपतनं चोरी केली नव्हती. मोटार फिर्यादीच्या पुतण्यानं विकली होती. उलटतपासणीत फिर्यादी गडबडला, तेव्हाच ते उघड झालं होतं. खालच्या कोर्टानं लक्ष दिलं नाही. मी दिलं. अपिलाचे कागद वाचतानाच मला कळलं होतं."

"साहेब," मंडलिक हळूच म्हणाले, "हे असं जाहीर..."

"जाहीरच बोलतोय, मंडलिक, तुम्ही हवं तर लिहून घ्या." आप्पांचा आवाज कोर्टातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "निर्दोष म्हणून लिहिलं असतं तर वर कुणी तरी विचारलं असतं, एवढी कशावरून खात्री? आरोपीच्या बाजूनं झुकला का न्यायाधीश? संशयाचा फायदा लिहिलं की कुणी काही विचारत नाही. मी बहुतेक निकाल तसेच लिहिले. माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून. कायद्याला तसं लिहायची गरज नव्हती, गोजराक्का. मला होती."

आईनं बाही सोडली. नदीकडून दुसऱ्या कुठल्या आळीची आरती ऐकू येत होती. आप्पा कोट घालून, परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखे तिच्यासमोर उभे होते. मला त्यांची लाज वाटली आणि त्याच क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला, की रडूच आलं.

गोजराक्का पायरीवरून उठली. डोक्यावरचा पदर खाली घेऊन तिनं कमरेला खोचला. त्या गल्लीत प्रत्येकाला त्याचा अर्थ माहीत होता. पुढची माणसं दोन पावलं मागे सरली. आप्पा सरले नाहीत.

"मग ह्ये तवा लिवायला काय तुजं हात मोडलं हुतं का रं, मुडद्या?"

आप्पांनी हात जोडले, मान खाली घातली आणि तिच्याकडे साचलेलं सगळं, एकदाही मध्ये न बोलता, उभ्याने ऐकून घेतलं.